समोरच्याचं म्हणणं

आमच्या घरात लिहिणं म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध लिहिणं. आप्पा नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. कंत्राटदाराविरुद्ध, मॅनेजरविरुद्ध, आमच्या गल्लीत पाणी न सोडणाऱ्या नगरसेवकाविरुद्ध. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर. गुलाबी, पिवळे, पोपटी कागद, एका बाजूला छापलेले. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायची. शाळेत पहिल्यांदा गोष्ट वाचली तेव्हा मी आईला विचारलं होतं की यात मागणी कुठे आहे. आई अजूनही हे पाहुण्यांना सांगते.

आप्पांची एक रीत होती. पत्रक छापायला टाकण्याआधी ते ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्याकडे जायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि सगळं पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचं. तो जे उत्तर देईल ते लिहून घ्यायचं आणि पत्रकाच्या तळाशी, रेघ मारून, दोन ओळींत छापायचं. त्या दोन ओळींचा मथळा ठरलेला असे: समोरच्याचं म्हणणं.

"मागनं दगड मारायचा न्हाई," आप्पा म्हणायचे. "मारायचा तर त्याच्या डोळ्यात बघून."

मी लहानपणी कितीतरी वेळा त्यांच्याबरोबर गेले आहे. एका रेशन दुकानदाराने आम्हाला बसवून चहा पाजला आणि पत्रकातली एक चूकही दाखवून दिली. चूक त्याच्या विरुद्धच्या आरोपातली होती, आरोप कमी लिहिला गेला होता. एका मॅनेजरने वॉचमनकरवी बाहेर काढलं. आप्पांनी तळाशी छापलं: 'साहेबांनी आम्हाला बाहेर काढले, हेच त्यांचे म्हणणे समजावे.' लोक खालून वर पत्रक वाचायला लागले, इतकी ती रेघेखालची जागा गाजली. इतर युनियनवाले हसायचे. म्हणायचे, तुम्ही शत्रूला फुकट जाहिरात देता. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. मलाही नाही. मी कॉलेजात गेले, स्वतः लिहायला लागले, तेव्हा ही एकच गोष्ट मला घरातून मिळालेली इस्टेट वाटायची.

ही सगळी पत्रकं छापली चाचांनी. चाचांचा छापखाना जुन्या पेठेत, एका लाकडी जिन्याखाली. पूर्वी तिथे खिळे जुळवून छपाई व्हायची, आता लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्सच्या ऑर्डरी असतात. आप्पा आणि चाचा तरुणपणी एकाच आखाड्यात होते. आप्पा मजकूर घेऊन गेले की चाचांचा पहिला प्रश्न असे, "वाचून आलास का?" आप्पा 'व्हय' म्हणेपर्यंत ते कागदाला हात लावत नसत. पत्रकाच्या कडेला बारीक अक्षरात चाचांच्या प्रेसचं नाव असे, त्यामुळे पोलीस आधी त्यांच्याकडे जात. मग आप्पा आणि चाचा दोघंही ठाण्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसून असत. चाचा तिथेही म्हणायचे, "साहेब, शाई माझी, शब्द ह्याचे. तुमी फकस्त कागदवाल्याला सोडलंय."

अशा घरातली मुलगी ऐतिहासिक कादंबरी लिहिते म्हटल्यावर लोकांना नवल वाटलं. घोडे, तलवारी, मुजरे यांचा मला तिटकारा आहे. पण आमच्या शहराच्या सुलतानाचा खून मला कॉलेजपासून सोडत नव्हता. बापाचा मुलावर विश्वास नव्हता. इतका, की त्याने एकदा मुलगा झोपलेल्या खोलीत बिछान्याला आग लावली, असं सांगतात. मुलगा वाचला. पुढे दरबारातल्या लोकांनी त्या मुलाला हाताशी धरलं, तख्तावर बसवलं आणि म्हाताऱ्या सुलतानाला हमामखान्यात कोंडून खालून भट्टी पेटवली गेली. वाफेने गुदमरून तो मेला. वर्ष उलटायच्या आत मुलाचंही डोकं उडवलं गेलं. आणि मग जे झालं ते शाळेच्या पुस्तकात नसतं. महालातल्या या भांडणापायी शहरात 'बाहेरचे' कोण आणि 'इथले' कोण याची विचारपूस सुरू झाली. दारं वाजवून माणसं शोधली गेली आणि मारली गेली.

मला प्रश्न पडला तो पत्रकवाल्याच्या मुलीला पडावा असाच. हुकूम मुलाने दिला असेल, पण भट्टीत लाकडं कुणी घातली? कुणीतरी रोजंदारीचा माणूस असणार. रोज सकाळी सुलतानाच्या अंघोळीचं पाणी तापवणारा. त्या दिवशी त्याला सांगितलं गेलं असेल की जाळ थोडा वाढव. त्याला कळलं असेल का? कळल्यावर त्याने पुढचं लाकूड घातलं असेल का? त्याचं नाव कुठेच नाही. मी त्याला माझ्या कादंबरीत आणलं आणि शेवटच्या प्रकरणात, जेव्हा गल्लीगल्लीत दारं वाजतात, तेव्हा त्याच्याही दारावर थाप पडते.

भिंगारच्या बाजूला सुलतानांच्या बागेतला पडका महाल आहे. त्याच्या सावलीत बसून मी निम्मी कादंबरी लिहिली. तिथे प्रेमी युगुलं येतात आणि शेळ्या येतात. दोघांनीही मला त्रास दिला नाही.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाने ती पूर्ण छापायचं ठरवलं. मी हवेत होते. जाहिरातीत माझं नाव येणार होतं. मग एका दुपारी संपादकांचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"लेखन उत्तम आहे. प्रश्न लेखनाचा नाही. हल्ली वातावरण कसं आहे तुम्ही जाणता. तुमच्या नगरमध्ये तर जास्तच. तेव्हा असं करा, त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून एकदा नजर फिरवून घ्या. हरकत नाही एवढं कळवलं की झालं."

"त्यांच्यातल्या म्हणजे?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय."

मला कळत होतं. मी फोन ठेवला आणि घरभर फणफणत फिरले. इतिहासावर लिहायला मोहल्ल्याची परवानगी लागते, असं एक सुशिक्षित माणूस मला सांगत होता, आणि त्यात त्याला आपण फार काळजी घेतोय असं वाटत होतं. अशा काळजीचा मला शिवीपेक्षा जास्त राग येतो. शिवीला निदान उत्तर देता येतं.

आप्पा पायाला तेल चोळत बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "त्यो म्हनतोय म्हणून नगं करू. पन वाचून दाखवायला तर पायजे. आपली रीतच हाय ती."

"कुणाला आप्पा? सुलतान मेला. त्याचा मुलगा मेला. कारस्थान करणारे मेले."

"त्यांच्या बाजूचं कुनीतरी आसंलच की. चाचाला दाखवू. त्याला वाचनाचा नाद बी हाय."

आई लसूण सोलत होती. तिने मान वर करून आप्पांकडे पाहिलं. मला आप्पांचं वाक्य खटकायला हवं होतं. खटकलं नाही. संपादकाचं ते म्हणणं अपमान आणि आप्पांचं ते तत्त्व, असा माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही छापखान्यात गेलो. चाचा एका लग्नपत्रिकेवरचा गणपती सरळ करत होते. आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आप्पांचं वाचन सभेसारखं असतं, प्रत्येक वाक्यानंतर टाळीला जागा सोडून. चाचांनी संगणक बंद केला आणि ऐकू लागले.

त्यांना मजा येत होती. बिछान्याच्या आगीपाशी ते म्हणाले, "बापच? आगागा. माझा बाप नुसता पट्टा काढायचा."

भट्टीवाल्याचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी आप्पांना थांबवून मला विचारलं, "ह्यो लाकडं घालनारा खरा हाय का पोरी?"

"नाही चाचा. तो माझा."

"वाटलंच. तुज्या आप्पाच्या घरात राहिल्यावर सुलतानाच्या हमामात बी कामगार निघनारच. आता त्याला युनियन काढून दे."

आप्पा हसले. मी हसले. कोपऱ्यावरच्या टपरीतून तिसऱ्यांदा चहा आला. शेवटच्या प्रकरणात चाचांनी हसणं थांबवलं आणि कप हातात धरून ते नुसते ऐकत राहिले. वाचन संपलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं लिवलंस. लई चांगलं. शेवट ऐकताना भ्या वाटलं मला."

तिथेच उठायला हवं होतं. पण रीत पूर्ण झाली नव्हती. आप्पांनी खिशाचं पेन काढलं, शेवटच्या पानाच्या तळाशी एक रेघ मारली आणि म्हणाले, "बोल. तुझं म्हननं सांग."

"माझं?"

"व्हय. दोन वळी. खाली छापायला लावू."

"कशाबद्दलचं म्हननं?"

"ह्या खुनाबद्दल. तुझा काय आक्षेप आसंल तर."

चाचा आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"भाऊ, तू आजपर्यंत कुनाकुनाला वाचून दाखवाया गेला?"

आप्पा सरळ माणूस. त्यांना प्रश्न विचारला की ते उत्तर देतात. "कंत्राटदाराला गेलो. मॅनेजरला गेलो दोन-तीन येळा. त्या नगरसेवकाला..."

"आन आज मला."

"तसं न्हाई रे."

"मंग कसं?"

चाचांचा आवाज चढला नव्हता. ते पत्रिकेचा नमुना उचलून पुन्हा खाली ठेवत होते.

"पुन्याच्या वाड्यात पेशवा मारला. कवळा पोरगा. घरच्याच मान्सांनी घात केला म्हनत्यात. पोरीनं त्याच्यावर लिवलं आसतं तर तू सदाशिव पेठंत कुनाचं दार वाजवलं आसतं? रेघ मारून कुनाला म्हनला आसता, बोल, तुझं म्हननं सांग?"

"गड्या, तू मनाला लावून घेतोस."

"माझा आज्जा पिंजारी हुता. गावोगाव हिंडून गाद्या भरायचा. तुज्या सुलतानाच्या हमामात त्याला कुनी पाय ठेवू दिला नसता. त्या लाकडं घालनाऱ्याच्या बी खालचा मानूस. त्या सुलतानाचा आन माझा काय संबंध, ते तू सांग मला. तुझा जेवढा तेवढाच."

आणि इथे आप्पांनी जे केलं ते आमच्या घरातलाच माणूस करू शकतो. ते घाबरले होते आणि घाबरल्यावर त्यांना रीतीशिवाय काही सुचत नाही. त्यांनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि म्हणाले, "बरं बरं. ह्ये बी लिवून घेतो. काय म्हनलास, पिंजारी?"

चाचा उभे राहिले.

"लिव. लिव की. समोरचा म्हनतो, मी समोर कधी बसलोच न्हाई. आजपर्यंत तुज्या शेजारी बसलो हुतो. ठान्यात बी."

ते आतल्या खोलीत गेले. मशीन सुरू झालं. आम्ही थोडा वेळ बसलो, पण ते बाहेर आले नाहीत.

घरी आल्यावर आईने आमचे चेहरे पाहिले आणि सगळं काढून घेतलं. मग आप्पांना म्हणाली, "शेवटचं प्रकरण तुमीच वाचलं ना तिथं? मोठ्यानं?"

"व्हय."

"आन वाचताना कळलं न्हाई, आपन कुनाच्या दाराशी बसलोय ते?"

आप्पा जेवले नाहीत. मी माझ्या खोलीत जाऊन ते प्रकरण उघडलं. माणसं दारं वाजवत फिरतायत, आत कोण राहतं, इथला की बाहेरचा. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा घासून लिहिलं होतं, त्यातला एकेक शब्द तोलला होता. आणि तेच कागद काखेत मारून आम्ही चाचांच्या दाराशी गेलो होतो.

संपादकांचा पुन्हा फोन आला. "झालं का? काय म्हणाले ते?"

"तुमच्या अंकात या वर्षी पेशव्यांवर लेख आहे ना?"

"आहे. मोठा आहे."

"त्यावर कुणाची नजर फिरवून घेतलीत?"

"ही तुलना योग्य नाही," ते म्हणाले. "आणि हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे. नवीन लेखक आहात."

मी कादंबरी परत मागितली. त्यांनी समजावलं, मग ते रागावले, मग जाहिरात छापून झाल्याचं सांगितलं. मी ऐकलं नाही. मला यात काही मोठेपणा वाटत नाही. 'हरकत नाही' असं त्यांना कळवायला माझ्याकडे कुणी नव्हतं, आणि जो होता त्याला मी आता तोंड दाखवू शकत नव्हते, एवढंच. पण हेही खरं की उद्या तेच संपादक तीच अट घेऊन आले तरी मी हेच करीन. परवानगीच्या शिक्क्यासकट छापून येण्यापेक्षा कपाटात पडून राहणं बरं.

आप्पांचं मात्र वेगळं चाललं होतं. ते दोन दिवस काहीतरी लिहीत आणि खोडत होते. मग त्यांनी मला बोलावलं आणि वाचून दाखवलं. ते पत्रक होतं. मथळा 'जाहीर दिलगिरी'. त्यात त्यांनी स्वतःविरुद्ध तीन मुद्दे मांडले होते. एक, मित्राला विरोधकाच्या जागी बसवले. दोन, त्याच्या जन्मावरून त्याच्याकडे खुलासा मागितला. तीन, तो दुखावला असतानाही पेन खाली ठेवले नाही. सुरेख लिहिलं होतं. आप्पांच्या उत्तम पत्रकांपैकी एक म्हणावं असं.

आई आतून म्हणाली, "तोंड न्हाई का तुमाला?"

पण आप्पा ते घेऊन निघाले. मी बरोबर गेले. छापखान्यात चाचा एकटेच होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. हे ते कधीच म्हणत नसत, आम्ही आपले बसायचो. आप्पांनी कागद पुढे केला.

चाचांनी तो सावकाश वाचला. एका ठिकाणी सवयीने पेन्सिल घेऊन ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. मग कागद परत दिला.

"ह्ये मी न्हाई छापनार."

"का?"

"छापून वाटनार कुठं?"

"गेटवर. पेठंत बी. जाहीर हाय ती."

"म्हन्जी ज्यांना ठावं न्हाई त्यांना बी कळंल, का भाऊनं मला समोरचा केला. मंग त्ये येऊन मला इचारतील, का हो चाचा, काय झालं हुतं? आन मी दर येळी सांगत बसायचं, का मी तुमच्यातलाच हाय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुला मला काय सांगायचं आसंल तर मला सांग. कागद कशाला मधी?"

आप्पांनी तोंड उघडलं. कारखान्याच्या गेटवर माईकशिवाय शेकडो माणसांना ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. पावसात, पोलिसांसमोर, लाठीमाराच्या आधी आणि नंतर बोललेला. ते त्या खुर्चीत बसून राहिले आणि त्यांना एक वाक्य जमेना. त्यांनी कागदाकडे पाहिलं. जे सांगायचं होतं ते सगळं त्या कागदावर होतं, मुद्देसूद, आणि तो कागद नको होता.

शेवटी ते म्हणाले, "परवा गेटवर सभा झाली. तू आला न्हाईस."

"बोलावलं न्हाईस."

"तुला कधी बोलवावं लागलं हुतं?"

"आता लागंल," चाचा म्हणाले.

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते गिऱ्हाइकाला छपाईचा दर सांगावा तसं सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मंग पुढच्या सभंला ये."

"बगू. काम नसलं तर यीन."

पुढच्या सभेला चाचा आले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून आले, लग्नाला जावं तसे. आधी ते शाईच्या हातांनी यायचे आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून आप्पांच्या भाषणात मधेच काहीतरी बोलायचे, सगळे हसायचे. त्या दिवशी ते कडेला उभे राहिले. युनियनच्या एका नवीन कार्यकर्त्याने, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, कुणी वडीलधारे पाहुणे उभे आहेत असं समजून वॉचमनच्या खोलीतून खुर्ची आणली आणि त्यांना दिली.

मला वाटलं ते नको म्हणतील. आप्पाही बोलता बोलता थांबून तिकडे बघत होते. चाचांनी त्या मुलाला मानेनेच धन्यवाद दिले आणि ते खुर्चीवर बसले. सभा संपेपर्यंत ते तिथेच बसून होते. मधे एकदाही बोलले नाहीत.